ईडब्ल्यूएसआर१ चे फिश प्रोब आपल्याच लॅबमध्ये: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

३ जून २०२४, सोमवार

आजपासून नोंदी इथे. रोज नाही जमणार, पण काही ठरलं, अडलं किंवा नीट दिसलं की त्याच दिवशी लिहायचं.

काम असं आहे. युइंग सार्कोमा हा हाडाचा (आणि कधीकधी मऊ भागाचा) कॅन्सर, जास्त करून दहा ते वीस वयातल्या मुलामुलींना होतो, मांडीचं हाड, कमरेचं हाड अशा ठिकाणी. जेम्स युइंगने १९२१ मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा मायक्रोस्कोपखाली दिसल्या त्या फक्त छोट्या गोल निळ्या पेशी, आणि अशाच छोट्या गोल निळ्या पेशी लिम्फोमामध्ये असतात, न्यूरोब्लास्टोमात असतात, रॅब्डोमायोसार्कोमात पण असतात, म्हणजे नुसतं बघून सांगणं भल्याभल्यांना अवघड. १९८३ मध्ये फ्रान्समधल्या लोकांनी या ट्यूमरमध्ये ११ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमची अदलाबदल दाखवली आणि १९९२ मध्ये पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमधल्या देलात्र यांच्या टीमने त्या जागी नेमकं काय होतं ते शोधलं, २२ वरचं ईडब्ल्यूएसआर१ हे जीन तुटतं आणि ११ वरच्या फ्लाय१ या जीनला जोडलं जातं. साधारण ८५ टक्के केसेसमध्ये हीच जोडी, १० टक्क्यांच्या आसपास फ्लाय१ च्या जागी २१ वरचं ईआरजी, बाकी किरकोळ.

आपल्याला हे तुटणं-जुळणं रंगाने दिसेल असे प्रोब आपल्या लॅबमध्ये बनवायचेत. प्रोब म्हणजे रंग लावलेले डीएनएचे तुकडे, ते क्रोमोसोमवर आपापल्या जागी जाऊन चिकटतात, आणि मायक्रोस्कोपखाली त्यांचे ठिपके बघायच्या पद्धतीला फिश म्हणतात. विकतचे किट बाहेरून येतात, महाग असतात, एक्सपायरी धरून वापरावे लागतात, आणि रिसर्चसाठी जुने ब्लॉक (मेणात बसवून ठेवलेले ट्यूमरचे तुकडे) भरपूर बघायचे असतील तर ते परवडतच नाही. मॅडमचं म्हणणं, बनवायला शिकलो की प्रोब कुठे आंधळा आहे हेही कळेल, किटच्या डब्यावर ते ठळक अक्षरात कोणी लिहीत नाही. मला हे पटलंय आणि खरं तर याच कारणासाठी मी हा प्रोजेक्ट मागून घेतला.

एथिक्स कमिटीचं पत्र आलंय. जुने पॅराफिन ब्लॉक, नावं काढलेली, फक्त कोड.

६ जून, गुरुवार

आज दिवसभर जीनोम ब्राउझर. दोन प्रकारचे प्रोब करायचेत.

पहिला ब्रेक-अपार्ट. ईडब्ल्यूएसआर१ च्या ५ प्राइम बाजूला म्हणजे सुरुवातीच्या बाजूला लाल, ३ प्राइम बाजूला म्हणजे शेवटच्या बाजूला हिरवा. जीन अख्खं असेल तर दोन्ही इतके जवळ की पिवळट एकच ठिपका दिसतो किंवा लाल-हिरवा चिकटून. तुटलं की लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. याचा फायदा म्हणजे जोडीदार कोण हे आधी माहीत असायची गरज नाही. तोटा पण तोच, जोडीदार कोण हे तो सांगत नाही! ईडब्ल्यूएसआर१ काही फक्त युइंगमध्ये तुटत नाही, डेस्मोप्लास्टिक स्मॉल राउंड सेल ट्यूमरमध्ये ते डब्ल्यूटी१ ला जोडतं, क्लिअर सेल सार्कोमामध्ये एटीएफ१ ला, मिक्सॉइड लायपोसार्कोमाच्या थोड्या केसेसमध्ये डीडीआयटी३ ला. सगळ्यांत ब्रेक-अपार्ट पॉझिटिव्हच येणार.

म्हणून दुसरा प्रकार, फ्यूजन म्हणजे जोड दाखवणारा प्रोब. ईडब्ल्यूएसआर१ ची ५ प्राइम बाजू लाल आणि फ्लाय१ ची ३ प्राइम बाजू हिरवी, दोघं जुळले की पिवळा. तसाच एक ईआरजीसाठी.

आता दिशा, जी मी आज कागदावर बाण काढून दोनदा तपासली. ईडब्ल्यूएसआर१ २२ च्या लांब बाहूवर, वाचन सेंट्रोमिअरकडून (क्रोमोसोमच्या आवळलेल्या भागाकडून) टोकाकडे. फ्लाय१ ११ च्या लांब बाहूवर, त्याचंही वाचन टोकाकडेच. दोघांची तोंडं एकाच दिशेला त्यामुळे सरळ अदलाबदल झाली की चालणारं फ्यूजन तयार होतं, आणि ते बनतं बदललेल्या २२ वर. पण ईआरजी २१ वर उलट्या दिशेने वाचलं जातं, सेंट्रोमिअरकडे तोंड करून. म्हणजे नुसती अदलाबदल करून ईडब्ल्यूएसआर१-ईआरजी बनूच शकत नाही, तुकडा उलटा करून घालावा लागतो, एकापेक्षा जास्त ठिकाणी तुटावं लागतं. २०१८ मध्ये सायन्स मासिकात आलं होतं ते हेच, युइंगच्या ४२ टक्के ट्यूमरमध्ये हे फ्यूजन एका फटक्यात बऱ्याच ठिकाणी तुटून, साखळीसारखं जुळून तयार होतं, आणि ईआरजीवाल्या तर सगळ्याच केसेस तशा. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची, पुढे लागणार.

क्लोन (ज्यांपासून प्रोब बनवायचे ते डीएनएचे तुकडे) निवडले. ईडब्ल्यूएसआर१ च्या सेंट्रोमिअर बाजूला सीएचईके२ या जीनपर्यंत भरपूर जागा आहे, टोकाकडच्या बाजूला थोडं पुढे गेलं की एनएफ२ हे जीन. मधली ब्रेकपॉइंटची जागा (सातव्या ते दहाव्या इंट्रॉनच्या, म्हणजे जीनमधल्या प्रोटीनमध्ये न उतरणाऱ्या भागांच्या, दरम्यान) मुद्दाम मोकळी सोडलीय, प्रोब ब्रेकवरच बसला तर तुटल्यावर त्याचे दोन तुकडे होतात आणि वाचणाऱ्याचा गोंधळ.

१२ जून, बुधवार

बॅक क्लोन आले. एकेकात माणसाच्या डीएनएचा साधारण दीड-दोन लाख बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा, बॅक्टेरियाच्या पोटात. क्लोरॅम्फेनिकॉलच्या प्लेटवर लावले, उद्या एकेक कॉलनी उचलून रात्रभर कल्चर. एका कॉलनीवर विसंबायचं नाही, प्रत्येक क्लोनच्या दोन-तीन वेगळ्या ठेवायच्या.

फॉर्मअमाइडची बाटली आजपासून फक्त हूडमध्ये उघडायची असं दारावर लिहून लावलं. गर्भाला घातक आहे ते, आणि आपल्या लॅबमध्ये बायका जास्त आहेत.

२० जून, गुरुवार

डीएनए काढून झाला, क्लोनच्या दोन्ही टोकांचं सिक्वेन्सिंग करून घेतलं. एक सोडून सगळे जिथे असायला हवेत तिथेच. जो एक गडबड आहे त्याचं एक टोक २२ वर आणि दुसरं भलत्याच क्रोमोसोमवर, म्हणजे दोन वेगळे तुकडे चिकटून बनलेला क्लोन. तो बाद, शेजारचा घेतला. हे न करता सरळ रंग लावला असता तर मेटाफेजवर (पेशी विभागताना क्रोमोसोम सुटे दिसतात त्या अवस्थेत) तिसरीकडेच ठिपका दिसला असता आणि ते ट्रान्सलोकेशन म्हणजे क्रोमोसोमची अदलाबदल आहे की कचरा यावर आठवडा गेला असता.

आज निक ट्रान्सलेशन म्हणजे डीएनएला रंग लावणं सुरू. डीएनेज-१ दोरीला जागोजागी बारीक चिरा पाडतं, डीएनए पॉलिमरेज-१ त्या चिरेपासून पुढे जुने बेस काढत नवीन घालत जातं आणि त्या नव्यांमध्ये आपण रंग लावलेला डीयूटीपी (डीएनएमध्ये बसणारा एक घटक) सोडलेला असतो. १५ डिग्रीला. सगळी मेख डीएनेज किती आणि किती वेळ यात आहे. तुकडे २०० ते ५०० बेसचे हवेत. मोठे राहिले तर न्यूक्लियसमध्ये शिरत नाहीत आणि स्लाइडवर चांदण्या पसरल्यासारखे बाहेरच चिकटून बसतात, फार लहान झाले तर धुताना निघून जातात. दर थोड्या वेळाने एक थेंब काढून जेलवर बघितला, लांबी योग्य आल्यावरच ईडीटीए घालून थांबवलं. डीएनेजची प्रत्येक बॅच वेगळी वागते त्यामुळे किटमधल्या कागदावरचा वेळ हा फक्त अंदाज समजायचा.

१ जुलै, सोमवार

कालपासून पालख्या पुण्यात, रस्ते बंद, ज्युनियर मुलगी पार कर्वेनगरहून चालत आली कारण शुक्रवारी लावलेलं रक्ताचं कल्चर आज ७२ तासांचं होतंय आणि ते कोणासाठी थांबत नाही. पीएचए घातलं की लिम्फोसाइट विभागायला लागतात, कोल्सेमिडने त्यांना मेटाफेजला अडवायचं, मग पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ पाण्यात फुगवायचं आणि तीनास एक मिथेनॉल-ॲसिटिक ॲसिडमध्ये फिक्स.

पावसाळ्यात स्लाइड पाडायचं तंत्र बदलतं. थेंब हळू वाळतो, क्रोमोसोम जास्तच पसरतात, कधी पेशीच फुटून क्रोमोसोम इकडेतिकडे होतात. आज हवेत इतका ओलावा होता की स्लाइड जरा कोमट प्लेटवर ठेवून पाडल्या तेव्हा पसारा आटोक्यात आला. हायग्रोमीटर मागवायला सांगितलंय, उन्हाळ्यात जमलेली रेसिपी जुलैत का जमत नाही याचं उत्तर नुसतं हाताला गुण आहे असं देऊन चालणार नाही.

५ जुलै, शुक्रवार

मेटाफेजवर पहिला ब्रेक-अपार्ट लागला!! दोन्ही २२ वर लाल-हिरवा शेजारी शेजारी, दुसऱ्या कुठल्याही क्रोमोसोमवर काही नाही. मॅडमना बोलावून दाखवलं, त्या बराच वेळ आयपीसवरून हललीच नाहीत.

पण मागचं धुकं जास्त होतं, ते का ते लिहून ठेवते. आपल्या जीनोमचा निम्माअधिक भाग परत परत येणाऱ्या तुकड्यांचा आहे, आणि २२ नंबर तर अलू रिपीटने गच्च भरलेला. बॅक क्लोनमध्ये ते सगळं आपोआप आलेलंच असतं, त्यामुळे रंग लावलेले रिपीट सगळ्या क्रोमोसोमवर जाऊन बसतात. त्यावर उपाय कॉट-१ डीएनए, माणसाचा रिपीटने भरलेला बिनरंगाचा डीएनए, तो आधी घालायचा म्हणजे रिपीटच्या जागा तोच अडवतो. प्रत्येक स्लाइडला प्रत्येक रंगाचा १०० नॅनोग्रॅम प्रोब आणि कॉट-१ आधी दहा पट होता, वीस पट केल्यावर मागचं सगळं काळं झालं आणि ठिपके टपोरे. डिनेचर केल्यावर (डीएनएच्या दोन दोऱ्या तापवून सुट्या केल्यावर) प्रोबला ३७ डिग्रीला अर्धा तास कॉट-१ बरोबर एकटा सोडला त्याचाही फायदा झाला असणार, पण दोन गोष्टी एकत्र बदलल्यात, त्यामुळे सोमवारी वेगवेगळ्या करून बघणार.

बाकी पद्धत, परत शोधायला नको म्हणून: ५० टक्के फॉर्मअमाइड, १० टक्के डेक्स्ट्रान सल्फेट, २ एक्स एसएससी (मीठ-सायट्रेटचं द्रावण). ७५ डिग्री ५ मिनिटं, मग ३७ डिग्रीला रात्रभर. धुणं ०.४ एक्स एसएससीमध्ये ०.३ टक्के एनपी-४० घालून ७३ डिग्रीला २ मिनिटं, थर्मामीटर जारच्या आत बुडवून बघायचं, वॉटर बाथच्या डिस्प्लेवर जायचं नाही, आत दोन डिग्री कमी असतं. कव्हरस्लिप सील करायचं रबर सिमेंट संपलं होतं, पंक्चरवाल्याकडचं रबर सोल्युशन आणलं, उत्तम चालतं.

१६ जुलै, मंगळवार

सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या ट्यूमरच्या पेशी. शेजारच्या लॅबकडून एसके-एन-एमसी मिळाली. ही लाइन सुरुवातीला न्यूरोब्लास्टोमा म्हणून गणली जायची, नंतर तिच्यात ईडब्ल्यूएसआर१-फ्लाय१ सापडलं आणि ती युइंगच्या घरात आली. तिचं एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून ओळख पटवायची तपासणी) करून मगच हात लावला, नावावरून लाइन खरी मानायची नाही.

ब्रेक-अपार्टमध्ये स्वच्छ फाटलेला सिग्नल, जवळजवळ प्रत्येक न्यूक्लियसमध्ये. फ्लाय१ फ्यूजन प्रोबमध्ये पिवळा ठिपका. मेटाफेजवर बघितलं तर पिवळा नेमका २२ वरच, म्हणजे सहा जूनला कागदावर काढलेले बाण बरोबर होते. मला यात जो आनंद झाला तो पेपर निघाला तरी होईल का माहीत नाही.

२६ जुलै, शुक्रवार

काल खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, आमचे अटेंडंट काका तिकडचेच, ते सुखरूप आहेत पण घरातलं सामान गेलं. लॅबमध्ये सगळ्यांनी मिळून जे जमलं ते दिलं. वीज दिवसभर येत-जात होती, प्रोब उणे २० च्या फ्रीजरमधून काढून थर्मोकोलच्या डब्यात बर्फावर, अंधारात. हायब्रिडायझर (स्लाइड ठरलेल्या तापमानाला ठेवायचं यंत्र) यूपीएसवर लावून घेतला.

८ ऑगस्ट, गुरुवार

पॅराफिन ब्लॉक सुरू केले आणि खरं काम आता कळायला लागलं. सेल लाइनवर प्रोब चालला म्हणजे अर्धाच रस्ता झाला.

ब्लॉकचा सेक्शन ४ मायक्रॉनचा, न्यूक्लियस आठ-दहा मायक्रॉनचा, म्हणजे प्रत्येक न्यूक्लियस कापलेलाच असतो. कापताना एखादा ठिपका दुसऱ्या सेक्शनमध्ये राहून जातो, मग नॉर्मल पेशीतही कधी नुसता लाल दिसतो, कधी दोनऐवजी एकच जोडी. वर आपण तीन मितींमधली गोष्ट सपाट करून बघतो, त्यामुळे एकावर एक आलेले लाल आणि हिरवा उगाच पिवळे दिसू शकतात. पहिल्या कारणाने ब्रेक-अपार्ट खोटा पॉझिटिव्ह होतो आणि दुसऱ्याने फ्यूजन प्रोब. दोन्हींच्या चुका वेगवेगळ्या दिशेच्या आहेत हे एका अर्थी बरंच आहे, एकाच सॅम्पलवर दोन्ही लावले की एकमेकांची खातरजमा होते.

पेप्सिनचा (प्रोटीन पचवून प्रोबला वाट करून देणाऱ्या एन्झाइमचा) वेळ प्रत्येक ब्लॉकला वेगळा. कमी झालं तर प्रोब आत जात नाही आणि प्रोटीनचं हिरवं धुकं राहतं, जास्त झालं तर न्यूक्लियस खाल्ला जातो, मध्ये भोक पडलेल्या रिकाम्या कड्या दिसतात. आता प्रत्येक ब्लॉकच्या तीन स्लाइड, तीन वेगळे वेळ, आणि आधी नुसता डॅपी (न्यूक्लियस निळा दाखवणारा रंग) लावून न्यूक्लियसच्या कडा बघायच्या, मग प्रोब खर्च करायचा.

आणि डिकॅल्सिफिकेशन, म्हणजे हाडातलं कॅल्शियम काढणं. यावर मला मोठ्याने बोलायचंय. हाडाचा तुकडा कापता यावा म्हणून ॲसिडमध्ये टाकतात, नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक, एका रात्रीत मऊ होतो, सोयीचं पडतं, पण त्यातच डीएनए कुजतो. असे ब्लॉक आमच्याकडे बरेच आलेत, एचअँडई (पॅथॉलॉजीचा नेहमीचा रंग) बघायला सुंदर, फिशला मात्र एक ठिपका नाही. ईडीटीएमध्ये केलं तर डीएनए शाबूत राहतो पण त्याला दिवस लागतात, कधी आठवड्यांच्या वर, आणि घरच्यांना रिपोर्ट उद्या हवा असतो हे मला समजतं. पण युइंगमध्ये हाडाबाहेर मऊ मांसाचा भाग बहुतेक वेळा असतोच! बायॉप्सी घेतानाच तो मऊ भाग वेगळ्या बाटलीत, नुसत्या १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, ॲसिडला न दाखवता ठेवला तर काहीच बिघडत नाही. किंवा ताज्या तुकड्याचे दोन-चार ठसे स्लाइडवर घ्यायचे, टच इम्प्रिंट, त्यात न्यूक्लियस अख्खे मिळतात आणि फिश ब्लॉकपेक्षा कितीतरी चांगलं होतं. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत, फक्त बायॉप्सीच्या वेळी कोणीतरी आठवणीने दुसरी बाटली ठेवायला हवी. पॅथॉलॉजीच्या सरांशी बोलले, ते म्हणाले लिहून द्या, ऑर्थोच्या ऑपरेशन थिएटरमध्ये चिकटवू. आज रात्रीच अर्ध्या पानाचा मजकूर मराठीत आणि इंग्रजीत करून देणार.

२० ऑगस्ट, मंगळवार

मोजायचे नियम ठरले. दोघींनी वेगवेगळं मोजायचं, प्रत्येकी १०० न्यूक्लियस, एकमेकींचे आकडे न बघता, मोजणारीला केस काय आहे ते माहीत नसायला हवं.

फाटलेला कधी म्हणायचं? लाल आणि हिरव्याच्या मध्ये कमीत कमी दोन ठिपक्यांच्या रुंदीएवढी जागा. यापेक्षा कमी असेल तर नॉर्मल, कारण न्यूक्लियसमध्ये क्रोमॅटिन सैल असतं, अखंड जीनचे दोन टोकं पण थोडे लांब दिसू शकतात. वर आमच्या १०० एक्स लेन्सची १.३ एनए (प्रकाश गोळा करायची क्षमता) आणि हिरवा प्रकाश धरला तर पाव मायक्रॉनपेक्षा जवळच्या दोन गोष्टी ती वेगळ्या दाखवूच शकत नाही. दोन ठिपक्यांचा हा नियम फुफ्फुसाच्या कॅन्सरमधल्या एएलके या जीनच्या फिशमध्येही आहे आणि तिथे तर फारच कामाचा, कारण ईएमएल४ आणि एएलके दोघं २ नंबरच्याच छोट्या बाहूवर सव्वा कोटी बेसच्या आसपास अंतरावर, मधला तुकडा उलटा होऊन जुळतात, त्यामुळे फट अगदी बारीक असते. तिथे ५० पेशी मोजून १५ टक्क्यांची रेघ (तिच्या वर पॉझिटिव्ह) आहे आणि मधल्या आकड्यांना दुसऱ्या माणसाने आणखी ५० मोजायच्या असतात. २०११ मध्ये अमेरिकेत क्रिझोटिनिब औषधाला मंजुरी मिळाली तेव्हा हा प्रोब किट पण सोबतच मंजूर झाला, औषध द्यायचं की नाही ते या ठिपक्यांवर ठरायचं. मोजणीचा नियम इतका काटेकोर का, याचं उत्तर त्यात आहे.

आमची रेघ: ट्यूमर नसलेल्या टिश्यूच्या ब्लॉकवर मोजलं, सगळ्यात वाईट ब्लॉकमध्ये २०० पैकी ७ खोटे फाटलेले. एक्सेलमधलं बीटा इन्व्हर्सचं सूत्र ९५ टक्क्यांना लावलं तर ६ च्या जरा वर येतं. कल्चर केलेल्या रक्तात २०० पैकी ३ च होते, तिथे रेघ ३.८ च्या आसपास. म्हणजे रक्तावरची रेघ ब्लॉकला लावणं चूक, ज्या प्रकारचं सॅम्पल त्याच प्रकारावर रेघ काढायची. आम्ही ब्लॉकसाठी १० टक्के धरतोय, आणि ६ ते १५ मध्ये आलं तर सरळ हो-नाही न म्हणता दुसरा प्रोब लावायचा.

२९ ऑगस्ट, गुरुवार

आजची नोंद लांब होणार.

एक केस, कोड लिहीत नाही. मऊ भागाचा ब्लॉक, ॲसिड न लागलेला, टिश्यू उत्तम. गोल पेशी, युइंगमध्ये बघतात त्या दोन प्रोटीनपैकी सीडी९९ पेशीच्या पडद्यावर गडद आणि सलग, एनकेएक्स२.२ न्यूक्लियसमध्ये पॉझिटिव्ह. बघणारा कोणीही युइंगच म्हणेल. ब्रेक-अपार्ट लावला, माझे ४ टक्के, ज्युनियरचे ५. रेघेच्या खाली. नियमाने निगेटिव्ह.

आता इथे घाई झाली की पुढचा विचार थांबतो. ईडब्ल्यूएसआर१ तुटलेलं नाही म्हणजे मग सीआयसी किंवा बीसीओआर या दुसऱ्या जीनमधल्या बदलाचा सार्कोमा असेल, २०२० च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात ते युइंगपासून वेगळे काढलेत, त्यांचं वागणं आणि औषधाला साथ देणं वेगळं आहे. किंवा ईडब्ल्यूएसआर१ च्या जागी त्याचा भाऊबंद फस हे जीन असेल, फस-ईआरजी, मग आमचा प्रोब तिथे बघतच नाही. हे सगळं शक्य आहे. पण एनकेएक्स२.२ इतकं ठाम असताना मला पटत नव्हतं.

परत स्लाइडवर गेले, मोजायला नाही, नुसतं बघायला. आणि एक गोष्ट दिसली. बहुतेक ट्यूमर पेशींत दोन जोड्यांपैकी एक घट्ट चिकटलेली, दुसरी सैल. मध्ये एका ठिपक्याएवढी फट, कधी त्याहून कमी. दोन ठिपक्यांच्या नियमात ती नॉर्मलच. पण नॉर्मल टिश्यूमध्ये सैल जोडी अधूनमधून, कुठल्याही पेशीत दिसते, इथे पेशीमागून पेशीत तीच, आणि प्रत्येक वेळी दोनपैकी एकच. शेजारच्या रक्तवाहिनीच्या पेशींमध्ये दोन्ही जोड्या घट्ट, म्हणजे स्लाइड बिघडलेली नाही.

सहा जूनचा कागद काढला. ईआरजीचं तोंड उलटं. ईआरजीचा तुकडा उलटून २२ वर ईडब्ल्यूएसआर१ च्या मध्ये शिरला असेल तर लाल आणि हिरवा दोघं २२ वरच राहतात, मधे फक्त त्या शिरलेल्या तुकड्याएवढं अंतर पडतं. फाटलेलं आहे, पण प्रोबला ते फाटणं दिसण्याइतकं मोठं नाही. ब्रेक-अपार्टमधून अशा केसेस निसटतात हे वाचलेलं होतं, आज समोर बघितलं (असेल तर! अजून सिद्ध नाही).

मॅडमना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, ईआरजीचा हिरवा तयार आहे का? तयार आहे, फक्त ब्लॉकवर तपासायचा राहिलाय. उद्यापासून तेच.

वहीत रिझल्ट मात्र आज असा लिहिला: ‘या प्रोबने ईडब्ल्यूएसआर१ फाटलेलं दिसलं नाही, रेघेखाली, एका जोडीत सातत्याने सैलपणा, पुढची तपासणी चालू’. ‘ईडब्ल्यूएसआर१ निगेटिव्ह’ असं लिहायचं नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं, आधीच्या सगळ्या शीटमध्येही तो रकाना बदलणार. निगेटिव्ह लिहिलं की पुढचा माणूस ट्यूमरबद्दल वाचतो, आणि आपण सांगितलेलं असतं फक्त प्रोबबद्दल.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गणपती, निम्मी लॅब घरी. मी आणि ज्युनियर थांबलो.

ईआरजी फ्यूजन प्रोब आधी नॉर्मल ब्लॉकवर मोजला, योगायोगाने एकावर एक येऊन दिसणारे पिवळे ठरवायला. ते ब्रेक-अपार्टच्या खोट्या फाटण्यापेक्षा जास्त निघाले, अपेक्षेप्रमाणेच, त्यामुळे रेघ वर ठेवली. मग ती केस.

पिवळा. एका पेशीत नाही, ट्यूमरच्या बहुसंख्य पेशींत, प्रत्येकीत एकच पिवळा आणि सोबत सुटा लाल, सुटा हिरवा. रक्तवाहिनीच्या पेशींत दोन लाल दोन हिरवे, सुटे. ज्युनियरने माझे आकडे न बघता मोजलं, तिचेही रेघेच्या खूप वर.

याला आपण अजून पक्कं म्हणत नाही. उरलेल्या सेक्शनमधून आरएनए काढून आरटी-पीसीआर, जोडाच्या जागेचं सिक्वेन्सिंग. आणि आपला प्रोब रिसर्चचा आहे, त्यावर कोणाचा रिपोर्ट बदलायचा नसतो. पण गप्प पण बसायचं नसतं. एथिक्सच्या पत्रात तशी सोय आहे, कोडवरून पॅथॉलॉजीच्या सरांना कळवलं, ते मान्यताप्राप्त लॅबमधून स्वतंत्र टेस्ट करून घेतील आणि पुढचं त्यांच्या डॉक्टरांच्या हातात. जाताना सरांचा फोन आला, ब्लॉक बाहेर पाठवायला काढला म्हणाले.

१९ सप्टेंबर, गुरुवार

विसर्जनाच्या सुट्ट्यांनंतर आज सगळे परत.

आरटी-पीसीआरचा पट्टा आला, सिक्वेन्स वाचला, ईडब्ल्यूएसआर१ ला ईआरजी, फ्रेममध्ये, म्हणजे जोडानंतरही प्रोटीनचं वाचन बरोबर चालू राहील असं. बाहेरच्या लॅबचा रिपोर्टही सरांकडे पोचलाय, तोच जोड. ज्युनियरने सिक्वेन्सचा प्रिंट फ्रीजवर लावलाय.

त्यामुळे आता जुन्या शीट उघडायच्या. ब्रेक-अपार्टला रेघेखाली आलेले पण सीडी९९ आणि एनकेएक्स२.२ दोन्ही असलेले सगळे ब्लॉक परत बाहेर, त्यांची सैल जोडी आहे का ते बघायचं आणि ईआरजी प्रोब लावायचा. सैल जोडीचा वेगळा रकाना मोजणीच्या शीटमध्ये आजपासून: दोन ठिपक्यांपेक्षा कमी फट, पण दोनपैकी एकाच जोडीत, किती पेशींत.

प्रोब स्टॉक: ईडब्ल्यूएसआर१ लाल आणि हिरवा पुरेसे, ईआरजी हिरवा संपत आलाय, परवा निक ट्रान्सलेशन. डीएनेजची नवीन बॅच आलीय, तिचा वेळ जेलवर परत बसवावा लागेल. फससाठी क्लोन शोधायला घेतले, १६ च्या छोट्या बाहूवर. ऑपरेशन थिएटरमधला कागद लागल्यापासून पहिली वेगळी बाटली आज आली, मऊ भाग, फॉर्मेलिनमध्ये, वर पेनने लिहिलेलं ‘डिकॅल करू नये’. उद्या सकाळी ब्लॉक करायला देते.